वसंतात डोंगरमाथ्यावरून स्थलांतरी शिकारी पक्षी कसे मोजावेत: नव्या गणकांसाठी

शिकारी पक्ष्यांची गणती एरवी फार अवघड असते. घरटी विरळ, प्रत्येक जोडीचा इलाखा मोठा, आणि झाडीत बसलेला पक्षी सहसा दिसतच नाही. पण वर्षातून दोनदा हेच पक्षी आकाशातल्या ठरलेल्या वाटांनी जातात आणि मोक्याच्या माथ्यावर बसलेल्या माणसाला ते एकेक करून मोजता येतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर अशी गणना १९३४ मध्ये सुरू झाली. शरदातल्या गणनेबद्दल बरंच लिहिलं जातं. वसंतातल्या गणनेच्या अडचणी मात्र वेगळ्या असतात आणि नवखा माणूस नेमका तिथे फसतो. हा लेख उत्तर गोलार्धातल्या वसंतासाठी, म्हणजे पक्षी हिवाळा काढून उत्तरेकडे परततात त्या काळासाठी आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. मोठा आकडा मिळवणं हा गणनेचा उद्देश नाही. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने, तितकाच वेळ बसून केलेली नोंदच उपयोगी पडते. पुढच्या प्रत्येक पायरीमागे हेच कारण आहे.

१. जागा आणि काळ ठरवा

डोंगर उंच असायलाच हवा असं नाही. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ब्रॅडबरी माउंटनचा माथा जेमतेम ४८५ फुटांवर आहे, तरीही तिथे वसंतातली गणना होते. माथ्यावरून पक्षी ज्या बाजूने येणार ती बाजू मोकळी दिसली पाहिजे. वसंतात ही बाजू साधारणपणे दक्षिण असते, पण नकाशावरून ठरवू नका. डोंगररांग, किनारा आणि मोठी तळी पक्ष्यांची वाट वळवतात. नेपाळमध्ये शरदात स्टेप गरुड हिमालयाच्या रांगेला धरून पश्चिमेकडे जातात, दक्षिणेकडे नाही. म्हणून नव्या जागेवर सुरुवातीचे काही दिवस फक्त पक्षी कुठून येतात आणि कुठे दिसेनासे होतात एवढंच नकाशावर बाणांनी काढा. वसंतातला प्रवाह शरदाच्या नेमका उलटा वाहील असंही धरून चालू नका. शरदात गाजलेला माथा वसंतात रिकामा असू शकतो.

हंगाम एका शिखराचा नसतो, तो लाटांनी येतो. इस्रायलमधल्या एलातच्या डोंगरांवर आधी स्टेप गरुड, मग मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला स्टेप बझर्ड (रुंद पंखांचा एक शिकारी पक्षी) आणि मेच्या सुरुवातीला मधुबाज असा क्रम दिसतो. ब्रॅडबरीवरची गणना १५ मार्च ते १५ मे चालते. तुमच्या भागातल्या मुख्य जातींच्या तारखा आधी काढा, त्यांच्या दोन्ही टोकांना किमान आठवडाभर जोडा आणि हंगामाच्या तारखा कागदावर लिहून टाका. त्या नंतर बदलायच्या नाहीत.

२. परवानग्या, कागद आणि सामान

कागदपत्रं:

- जागेच्या मालकाची किंवा उद्यान-वनखात्याची लेखी परवानगी. सूर्योदयानंतर लगेच प्रवेश आणि संध्याकाळपर्यंत थांबण्याची मुभा तीत स्पष्ट असावी.
- गणना-केंद्राची, म्हणजे जिथे नियमित गणना चालते त्या जागेची, लिखित कार्यपद्धती. नवीन केंद्र असेल तर स्वतः एक पानभर लिहा: गणनेची रेषा कोणती (पायरी ६ पाहा), तास कोणते, काय मोजायचं आणि काय नाही.
- ताशी नोंदीचे छापील तक्ते, रोजचा एक आणि शिवाय दोन कोरे.
- क्षितिजाचं रेखाचित्र (पायरी ४ पाहा).

परवानगी मागतानाच एक प्रश्न विचारा: या कड्यांवर ससाण्यांची घरटी आहेत का? वसंत हा त्यांच्या विणीचा काळ. कड्याच्या टोकावर माणसं बसून राहिली तर बहिरी ससाणा अंडी सोडून उडत राहतो. घरटं असेल तर गणनेची जागा हलवा, पळवाट शोधत बसू नका.

सामान:

- दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. हात थरथरत असतील किंवा माथ्यावर वारा जोराचा असेल तर ८ पटीची घ्या, शोधायलाही तीच सोपी.
- २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप आणि जड ट्रायपॉड. हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो आणि महागडी भिंगं वाया जातात. मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांगा.
- अंगठ्याने दाबायचे आकडामोजणीचे क्लिकर, किमान दोन.
- वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, तापमापक, होकायंत्र.
- पेन्सिली. पाऊस आणि थंडीत बॉलपेन दगा देतं.
- पाठ मागे कलणारी खुर्ची. उभं राहून दिवसभर वर पाहिलं की दुसऱ्याच दिवशी मान धरते आणि डोक्यावरचं आकाश तपासायचं टाळलं जातं.
- करड्या काचेचा गॉगल, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन आणि पायथ्याला वाटेल त्यापेक्षा दोन थर जास्त कपडे. बसून असलेल्या माणसाला माथ्यावरचा वारा फार लवकर गारठवतो. पहाटे वाटेवर बर्फ असेल तर बुटांना लावायचे खिळे लागतात, दुपारी त्याच वाटेवर चिखल असतो.

३. हवा वाचायला शिका

पक्ष्यांना वर नेणारी हवा दोन प्रकारची. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठतात, त्यांना थर्मल म्हणतात. आणि वारा डोंगराच्या उतारावर आडवा आदळला की वर वळतो, मग पक्षी उताराला धरून खालून सरकत जातात. वारा मंद असेल तर थर्मलचा दिवस: पक्षी उंच, विखुरलेले, थव्यांनी. वारा उतारावर काटकोनात आणि जोराचा असेल तर कड्याचा दिवस: पक्षी खाली, एकेकटे, जवळून.

वसंतात दक्षिणेकडचा वारा आणि चढतं तापमान ही चांगली चिन्हं. थंड हवेची आघाडी (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड) येण्याच्या आदल्या दिवशी बहुधा हे जुळून येतं. शरदात आघाडी गेल्यानंतरचा उत्तरेचा वारा चांगला, त्यामुळे शरदात शिकलेले गणक वसंतात चुकीच्या दिवसाची वाट पाहत बसतात. पाऊस आणि उत्तरेच्या वाऱ्याने पक्षी दोन-तीन दिवस अडकले, तर उघडीप मिळालेला पहिला दिवस सोडू नका. वारा पूर्व किंवा पश्चिमेचा असेल तर प्रवाह वाऱ्याबरोबर बाजूला सरकतो. अशा दिवशी नेहमीच्या कडेपेक्षा दुसरी कड जास्त वेळा तपासा.

पण हवा चांगली नाही म्हणून घरी बसू नका. अंदाज फक्त कपडे आणि तयारी ठरवण्यासाठी. चांगल्या दिवशीच माथा गाठणाऱ्याच्या नोंदींवरून पक्षी वाढले की कमी झाले हे कधीच कळत नाही, फक्त त्याने दिवस कसे निवडले ते कळतं.

विजांच्या बाबतीत मात्र हट्ट नको. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की माथा सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत चढायचं नाही. किती वाजता थांबलात आणि किती वाजता पुन्हा सुरू केलंत ते तक्त्यात लिहा.

४. क्षितिजाला नावं द्या, मग शोधा

पहिल्या दिवशी पक्षी येण्याआधी हे काम उरका. समोरचं क्षितिज एका लांब पट्टीवर काढा आणि प्रत्येक ठळक खुणेला छोटं नाव द्या: मनोरा, दुहेरी शिखर, खिंड, पांढरा कडा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते, त्यावरून खुणांमधली अंतरं लिहा. «तिकडे, त्या ढगाखाली!» असं ओरडल्याने कुणालाच पक्षी सापडत नाही. «खिंडीच्या डावीकडे एक मूठ, कड्याच्या वर दुर्बिणीचं एक वर्तुळ, उजवीकडे सरकतोय» एवढं सांगितलं की सगळ्यांना सापडतो. वर्तुळ म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी दिसणारा गोल भाग.

आता शोधण्याची पद्धत. दुर्बीण क्षितिजाच्या एका टोकाला अशी लावा की डोंगराची कड वर्तुळाच्या खालच्या भागात राहील. दोन सेकंद स्थिर धरा. मग अर्धं वर्तुळ सरका, पुन्हा थांबा. सतत फिरवत राहिलात तर ठिपक्याएवढा पक्षी डोळ्यांना दिसतच नाही, नजर थांबते तेव्हाच हालचाल कळते. दुसऱ्या टोकाला पोचलात की एक वर्तुळ वर चढून उलट या. दोन फेऱ्या झाल्या की दुर्बीण खाली ठेवून डोक्यावरचं आकाश नुसत्या डोळ्यांनी पाहा. नवख्यांचे सर्वात जास्त पक्षी निसटतात ते डोक्यावरून, लांबून नव्हे.

निळंशार आकाश पाहून खूश होऊ नका. पांढऱ्या ढगासमोर उंचावरचा बाज काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो, निळ्यात तो विरून जातो. शिवाय रिकाम्या निळ्यात डोळ्याला धरायला काही नसतं, म्हणून नजर आपोआप जवळच्या अंतरावर येऊन थांबते आणि लांबचा पक्षी धूसर होऊन नाहीसा होतो. उपाय साधा आहे. दूरच्या कड्यावर किंवा एखाद्या ढगाच्या कडेवर दुर्बीण नीट फोकस करा आणि चाकाला हात न लावता तीच वर निळ्यात न्या. दर काही मिनिटांनी हे पुन्हा करा. तुरळक ढग असतील तर प्रत्येक ढगाची खालची कड तपासा, कारण थर्मलचा माथा तिथेच असतो.

आणि वसंतातला खास सापळा: पक्षी दक्षिणेकडून येतात आणि भर दुपारी सूर्यही तिकडेच असतो. येणारा पक्षी काळी आकृती दिसतो, रंग काहीच कळत नाही. दुर्बीण किंवा स्कोप सूर्याच्या जवळपासही नेऊ नका, क्षणभरात डोळ्याला कायमची इजा होते. सूर्य एखाद्या झाडामागे, खांबामागे किंवा पसरलेल्या तळहातामागे झाका आणि त्याच्या दोन्ही बाजू नुसत्या डोळ्यांनी बघा. पक्षी डोक्यावरून पुढे गेला की वळून उत्तरेकडे पाहा. आता ऊन तुमच्या पाठीशी आहे आणि त्याच्या पाठीवरचे, शेपटीवरचे रंग उजळून दिसतात. वसंतात जात नक्की करायची ती बहुधा पक्षी पुढे गेल्यावर.

५. आधी घडण, मग रंग

लांबच्या पक्ष्याचे रंग फसवतात, उडण्याची ढब फसवत नाही. आधी पक्षी कोणत्या गटातला ते ठरवा:

- बझर्ड, बाज: रुंद पंख, आखूड पंख्यासारखी शेपटी, घिरट्या घालण्यात वाकबगार.
- शिक्रा आणि त्याचे भाऊबंद: आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, काही झटपट फडफडी, मग सरळ तरंगणं, पुन्हा फडफडी.
- ससाणे: टोकदार पंख, सलग मारा, थर्मलची फारशी पर्वा नाही.
- भोवत्या: लांब पंख, लांब शेपटी, तरंगताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले.
- ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी): मनगटात वाकलेले लांब पंख, खालून पाहिल्यास इंग्रजी एम अक्षरासारखी आकृती.
- गरुड: मोठा पक्षी, पंखांची टोकं बोटांसारखी पसरलेली, हालचाल संथ.

आकारमानावर विसंबू नका. मोकळ्या आकाशात तुलनेला काहीच नसतं, त्यामुळे जवळचा लहान शिक्रा आणि दूरचा मोठा बझर्ड सारखेच वाटतात. शिवाय शिक्रा गटात आणि ससाण्यांत मादी नरापेक्षा स्पष्टपणे मोठी असते. कावळे, डोमकावळे, करकोचे आणि कुरव पक्षीही थर्मलमध्ये चढतात, त्यांची घडण आधी पाठ करा.

वय ओळखता आलं तर जरूर लिहा. वसंतात प्रौढ पक्षी विणीच्या घाईने आधी जातात आणि गेल्या वर्षी जन्मलेले मागाहून येतात. या तरुण पक्ष्यांची पिसं झिजलेली, उडालेल्या रंगाची असतात आणि पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाहीत. वयाची नोंद किती मोलाची असते पाहा: डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात गरुडांची वीण फसते आहे हे उमगण्यात हॉक माउंटनवरच्या नोंदींमधल्या तरुण पक्ष्यांच्या घटत्या प्रमाणाचाही हातभार होता.

ओळख पटली नाही तर «अनोळखी बझर्ड», «अनोळखी ससाणा» किंवा नुसतं «अनोळखी शिकारी पक्षी» लिहा. यात कमीपणा काहीच नाही. अंदाजाने लिहिलेली जात नंतर कुणालाच वेगळी काढता येत नाही, ‘अनोळखी’ निदान खरं तरी असतं. एखाद्या अनुभवी गणकाच्या तक्त्यात ‘अनोळखी’चा रकाना सतत शून्य दिसत असेल तर तो तक्ता जपून वापरावा.

६. थवा मोजणं

माथ्यावरून आडवी जाणारी एक काल्पनिक रेषा ठरवा, दोन्ही टोकांना क्षितिजावरच्या पक्क्या खुणा धरून. पक्षी ती रेषा ओलांडतो तेव्हाच मोजला जातो, दिसल्याबरोबर नाही. दूरवर दिसलेला पक्षी वाटेत खाली उतरू शकतो, वळू शकतो आणि तासाभराने पुन्हा येऊ शकतो.

थर्मलमध्ये गोल गोल चढणाऱ्या थव्याला गणक केटल म्हणतात. केटल फिरत असताना ती मोजायचा मोह आवरा. पक्षी एकमेकांच्या पुढून-मागून जातात, खालून नवे शिरतात, आणि तोच पक्षी तुम्ही तीनदा मोजता. वर लक्ष ठेवा. थर्मलच्या माथ्याशी पोचलेला पहिला पक्षी फिरणं थांबवतो, पंख जरा मागे घेतो आणि पुढच्या थर्मलकडे सरळ घसरू लागतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि बघता बघता मणी ओवल्यासारखी एक ओळ तयार होते. हीच मोजायची. दुर्बीण ओळीतल्या एका जागी स्थिर धरा आणि वर्तुळाच्या मध्यातून जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला क्लिकर दाबा. पक्ष्यांबरोबर दुर्बीण फिरवू नका, मागे वळून पुन्हा मोजू नका.

ओळ फार दाट असेल तर दहा पक्षी नीट मोजा, त्या दहांनी ओळीची किती लांबी व्यापली ते नजरेत धरा आणि तेवढे तेवढे तुकडे मोजत पुढे जा. नवखा माणूस मोठा थवा बहुधा कमी अंदाजतो. घरी कुठल्याही मोठ्या थव्याचा फोटो घेऊन आधी अंदाज करा, मग एकेक ठिपका मोजा. थोड्या सरावात नजर सुधारते. माथ्यावरही घसरणाऱ्या ओळीचे फोटो काढून ठेवले तर संध्याकाळी आकडा पडताळता येतो. अंदाज केलेला आकडा तक्त्यात तसाच ओळखू येईल अशी खूण करून लिहा.

मिश्र थव्यात दोघांनी काम वाटून घ्या: एकाने एकूण मोजायचे, दुसऱ्याने फक्त वेगळ्या जाती हुडकून त्या मोठ्याने सांगायच्या. एकटे असाल तर आधी एकूण मोजा. जितके ओळखलेत तितके त्यांच्या जातीत, बाकीचे अनोळखी.

गर्दीच्या माथ्यावर अधिकृत गणक एकच असतो. बाकीचे पक्षी दाखवतात, आकडा तोच लिहितो. हा नियम सैल झाला की तोच गरुड तीन जणांच्या हिशेबात येतो.

७. कोणता पक्षी मोजायचा नाही

डोंगरावर राहणारे पक्षी रोज दिसतात आणि वसंतात तर ते फार दिसतात, कारण हवेत कसरती करून जोडीदाराला खुणावत असतात. पायात भक्ष्य किंवा काडी घेऊन जाणारा, सूर मारून शिकार करणारा, दुसऱ्या पक्ष्याला हुसकावणारा, घिरट्या घालून त्याच उताराकडे परतणारा: हे स्थानिक समजा. सरळ, न रेंगाळता रेषा ओलांडून दिसेनासा झाला तो स्थलांतरी. स्थानिक जोड्यांची वेगळी वही ठेवा, त्यात तुटलेलं पीस, रंगाची लकब अशा खुणा लिहा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ही ओळख झाली की पुढची डोकेदुखी निम्म्याने कमी होते.

उलट दिशेने जाणारे पक्षी नेहमीच्या बेरजेत मिसळू नका. ते वेगळ्या रकान्यात लिहा आणि केंद्राची पद्धत सांगेल तसं धरा.

८. दर तासाची नोंद

तास संपला की लगेच लिहा, «जेवताना आठवून लिहू» चालत नाही. एका तासाची ओळ साधारण अशी दिसते (आकडे नमुन्याचे):

११ ते १२ | निरीक्षक २ | वारा नैऋत्य, १४ किमी/तास | तापमान १२° | ढग ४०% | दृश्यमानता २५ किमी | उड्डाणाची दिशा ईशान्य | उंची: दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत | बझर्ड १७, ऑस्प्रे २, अनोळखी ससाणा १

वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती; पक्ष्यांची दिशा म्हणजे ते जिकडे जातात ती. या दोन रकान्यांत गोंधळ सर्वात जास्त होतो. उंची मीटरमध्ये अंदाजू नका. डोळ्यांच्या पातळीखाली, नुसत्या डोळ्यांनी सहज, दुर्बिणीनेच, स्कोपनेच अशा पायऱ्या वापरा.

घड्याळं एक तास पुढे करणाऱ्या देशांत हा बदल नेमका वसंतात येतो. गणना प्रमाण वेळेत लिहायची की उन्हाळी वेळेत ते केंद्राकडून आधी विचारून घ्या आणि प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहा. नाहीतर अर्ध्या हंगामाचे तास एकाने सरकतात आणि तक्ता वाचणाऱ्याला ते कळतही नाही.

एकही पक्षी न दिसलेल्या तासाला ठसठशीत शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे तुम्ही तिथे नव्हतात, आणि शून्य म्हणजे होतात पण पक्षी गेले नाहीत. ताशी सरासरी काढताना या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सकाळी लवकर ससाणे, भोवत्या आणि शिक्रा गटातले पक्षी फडफडत खालून जातात. बझर्ड आणि गरुड सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी, थर्मल उठू लागले की निघतात. भर दुपारी सगळे इतके उंच जातात की आकाश ओस पडल्यासारखं वाटतं. यावेळी जेवायला खाली उतरू नका, स्कोप घेऊन ढगांच्या कडा तपासा. उतरत्या दुपारी थर्मल विरले की पक्षी पुन्हा खाली येतात.

९. दिवस आणि हंगाम संपवताना

माथा सोडण्यापूर्वी तासांची बेरीज, जातींची बेरीज आणि एकूण पक्षी तिन्ही जुळतात का पाहा. तक्त्याचा फोटो काढा. ऑनलाइन नोंद त्याच संध्याकाळी करा आणि दुसऱ्या कुणाला मूळ कागदाशी ताडून पाहायला सांगा. फारच दुर्मिळ पक्षी दिसला असेल तर वर्णन पुस्तक उघडण्याआधी लिहा.

माथ्यावर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, ड्रोन उडवू नका. शिक्रा गटातल्या पक्ष्यांना जवळ आणायला काही केंद्रांवर काठीवर घुबडाचा पुतळा लावतात. तो लावायचा तर पूर्ण हंगाम लावा आणि तसं नोंदवा.

शेवटच्या दोन आठवड्यांत माथे गणकांविना ओस पडतात, कारण मोठ्या लाटा होऊन गेलेल्या असतात आणि दिवसभरात चार-पाच पक्षी दिसतात. पण मागाहून येणारी तरुण पिढी याच दिवसांत जाते. त्यामुळे दिवसांची वाटणी हंगामाच्या सुरुवातीलाच करा आणि शेवटच्या आठवड्यांसाठी गणकांची नावं सगळ्यात आधी भरून घ्या.